कुपवाडातलं ऑस्ट्रेलिया

आमच्या भागात पोरगा मेडिकलला निघाला की तो गेलाच असं धरतात. घरटी एखादा तरी सैन्यात, त्यामुळे गावाला हा क्रम पाठ आहे. धावणं झालं, परीक्षा झाली, शेवटी मेडिकल, आणि मेडिकल झालं की ट्रंक भरायची. म्हणून माझा नवरा वीरधवल ऑस्ट्रेलियाच्या नोकरीसाठी मुंबईला मेडिकल करायला निघाला, तेव्हा आमच्या उंब्रज गावाने त्याला थेट ऑस्ट्रेलियालाच पाठवून दिलं.

यात गावाची काय चूक, असं मी सुरुवातीला म्हणायची. आता मला गावाचाही राग येतो, नवऱ्याचा तर येतोच, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

वीरधवल वेल्डर. कराडला आयटीआय केलं, पुढे कारखान्यांच्या पाइपलाइनी जोडत फिरला. हात चांगला. तिकडच्या एका कंपनीने त्याचं काम व्हिडिओवर बघितलं, परीक्षा घेतली आणि कुशल कामगार म्हणून बोलवायचं ठरवलं. आधी त्याने जायचं, बूड टेकवायचं, मग मला न्यायचं असा बेत होता. पण कंपनीने बोलावलं म्हणजे झालं असं नसतं. तिथल्या सरकारने हो म्हणावं लागतं. अर्ज गेला, बरेच दिवस काहीच नाही, आणि मग निरोप आला की मेडिकल करून घ्या, निर्णय नंतर कळवू. नंतर म्हणजे कधी, ते कुणीच सांगत नव्हतं.

हे सगळं मी सासऱ्यांना बसवून नीट सांगितलं होतं. माझे सासरे आकाराम, वीरधवल त्यांना आबा म्हणतो आणि मी मामा म्हणते. त्यांनी "बरं, बरं" करत मान डोलवली आणि उठून केरबातात्यांकडे गेले. केरबातात्या त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, हवालदार होऊन रिटायर झालेले. एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्याने जेमतेम दिसतं, पण गावातला कुठला पोरगा कुठल्या रेजिमेंटला हे विचारा, घडाघडा सांगतील. भरती झालेल्या पोराला हायवेपर्यंत वाजतगाजत घालवायला जायचं, हे त्यांनीच सुरू केलेलं.

"मेडिकल आलं? मग काय ऱ्हायलं आकारामा!" ते आमच्या अंगणात येऊन ओरडले. "सिलेक्शन झालं म्हन की!"

निघायच्या दिवशी सकाळी वीरधवलच्या हातात एक पिशवी होती. दोन शर्ट, पासपोर्ट आणि वाटेत खायला दशम्या. दारात हलगी वाजायला लागली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी वरात आहे. बघते तर तात्या फेटा बांधून उभे, मागे सगळी आळी, पोरांच्या मुठीत गुलाल. हायवेच्या कडेला फ्लेक्स लागलेला. त्यावर वीरधवलचा कुणाच्या तरी कोटातला फोटो, मागे विमान, खाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यात दोघे तर असे की ज्यांच्याशी आमचं बोलणंसुद्धा नव्हतं. बायकांनी ओवाळलं. मी म्हणायला गेले, "आवं, ह्ये नुसतं तपासनीला..." तेवढ्यात शेजारच्या चंद्राबाईंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"बोलू नगंस बाई, रडू यील," त्या म्हणाल्या.

वीरधवलच्या तोंडात कुणी पेढा कोंबला नव्हता. त्याला बोलता आलं असतं. पण तेवढ्यात तात्यांनी मामांच्या डोक्यावर फेटा बांधला. मामांनी सगळी नोकरी कोयनानगरच्या प्रकल्प वसाहतीत शिपाई म्हणून केली. साहेबांच्या सत्काराला हारांचं ताट धरून उभं राहायचं, एवढाच त्यांचा सत्काराशी संबंध. त्या दिवशी लोक त्यांच्या पाया पडत होते आणि ते हात कुठे ठेवावेत हे न कळून नुसते हसत होते. नवऱ्याने ते बघितलं आणि गप्प गाडीत बसला. मीही गप्प बसले.

मुंबईत मेडिकल चटकन उरकलं. त्याचा फोन आला.

"हर्षदा, आता परत कसं यायचं गं?"

"यष्टीनं," मी म्हटलं. माझं डोकं फिरलं होतं.

"चेष्टा करू नगं. कानातला गुलाल बी निघाला न्हाई अजून. कुठल्या तोंडानं उतरू फाट्यावर?"

एजंट म्हणाला होता, आता आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. तेवढे दिवस वीरधवलने सिद्धूकडे काढायचे असं ठरलं. सिद्धू माझा धाकटा भाऊ, सांगलीजवळ कुपवाडला फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, एका खोलीत एकटा राहतो. निर्णय आला की तिथूनच परस्पर मुंबई, तिथून विमान, आणि झाकली मूठ तशीच राहील. मी हो म्हटलं. नाही म्हणायला काय झालं होतं मला, कोण जाणे.

त्या पंधरा दिवसांचे कधी महिने झाले कळलं नाही. एजंटला फोन केला की तो म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे." मोबाईलवर अर्जाचं पान उघडलं की तिथेही तेच, फक्त इंग्रजीत. वीरधवल सकाळी दात घासायच्या आधी ते पान बघायचा, जेवताना बघायचा, तिकडची कचेरी बंद असते त्या रविवारीसुद्धा बघायचा. मी म्हणायची, नकार आला तरी चालेल. नकार आला की माणूस रडतो, चार दिवस तोंड लपवतो आणि कामाला लागतो. इथे 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. मधल्यामध्ये आम्ही लोंबकळत होतो आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी तो सिद्धूच्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला जायला लागला. दिवसभर तोंडावर मुखवटा असतो, कुणी ओळखत नाही, म्हणाला. तो हसला फोनवर, मला नाही हसू आलं.

आणि इकडे मला गावात मान वाढला होता. हळदीकुंकवाला मला आधी बसवायचे. नववी-दहावीच्या पोरांच्या आया विचारायच्या, वेल्डिंगला घालू का गं ह्याला? मी, ऑस्ट्रेलियावाली, सल्ले द्यायची. चंद्राबाईंनी एक दिवस कुरडयांचा डबा आणून दिला. "तिकडं जानारं कुनी असलं तर पाठीव. पोराला आवडत्यात," म्हणाल्या. स्वतःच्या हाताने गव्हाचा चीक शिजवून केलेल्या कुरडया. मी डबा एसटीने कुपवाडला पाठवला आणि त्यांना सांगितलं, पोचल्या, लय आवडल्या. त्या इतक्या खूश झाल्या की मी घरात येऊन दार लावून घेतलं. लाज वाटते म्हणजे काय होतं हे मला तेव्हा कळलं. अंगाला घाम सुटतो आणि आपलाच आवाज ऐकू नये असं वाटतं.

महिन्यातून दोनदा तात्या व्हिडिओ कॉल लावायला सांगायचे. उन्हाळा सुरू झाला तसं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं की आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे थंडी. झालं. वीरधवल कुपवाडच्या पत्र्याच्या खोलीत, भर मे महिन्यात, सिद्धूचं जाड जाकीट घालून पांढऱ्या भिंतीपुढे बसायचा. आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद. कपाळावरून धारा. तात्या म्हणायचे, "बघा, थंडीच्या देशात बी कसला तुकतुकीत दिसतोय!"

एकदा असंच बोलणं चाललेलं असताना फोनमधून भोंग्यावर आवाज आला, "भंगारवाला, लोखंड, पत्रा, प्लास्टिक..."

तात्यांनी कान टवकारले. "तिकडं बी भंगारवाला हाय व्हय रं?"

"आपली मानसं लय हायत हिकडं, तात्या," वीरधवल म्हणाला.

तात्यांना ते पटलं. आपली माणसं कुठे कुठे पोचलीत, याचं त्यांनी पुढे आठवडाभर कौतुक केलं. मामा मात्र त्या दिवशी उठून गोठ्यात गेले. मी मागे गेले नाही, कारण मामांनी काही विचारलं असतं तर काय सांगायचं याची माझी तयारी नव्हती.

त्याच गोठ्यात पुढे पावसाच्या दिवसात त्यांचा पाय घसरला. पडले ते उठेचनात. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी म्हटलं, कराडला नेऊ, जवळ आहे. तात्या ऐकेनात.

"हाडाचं काम हाय. मिरजंलाच न्ह्यायचं," त्यांनी निकाल दिला. आमच्याकडे असंच आहे, मोठं दुखणं म्हटलं की माणूस मिरजेलाच निघतो. मिरजेहून कुपवाड किती जवळ, ते मला गाडीत बसल्यापासून दिसत होतं. सासरे वेदनेने कण्हत होते आणि माझ्या डोक्यात विचार काय, तर नवरा रस्त्यात कुणाला दिसायला नको. अशी झाले होते मी.

हॉस्पिटलमध्ये तात्यांनी तासाभरात सगळ्या वॉर्डला सांगून टाकलं की ह्या पेशंटचा मुलगा ऑस्ट्रेलियाला असतो. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने मला जवळ बोलावून विचारलं, "आन बापाला बगायला येत न्हाई व्हय?" मी म्हटलं, "सुट्टी मिळत न्हाई." तात्या मध्येच म्हणाले, "ड्यूटी म्हंजी ड्यूटी असती, आजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "वय झालंय, हृदयही जरा कमजोर आहे. ऑपरेशन केल्याशिवाय इलाज नाही, पण धोका आहे. मुलाला आज कळवून ठेवा. दुपारी घेतो."

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे ग्राइंडरचा आवाज होता, तो बंद झाला.

"येतो," वीरधवल म्हणाला.

"तात्या हायत हितं. त्यांनी बघितलं तर?"

"बघू दे. आबांस्नी बघायचंय मला."

मला इतकं बरं वाटलं. आता जे व्हायचं ते होऊन जाऊ दे, गावाने तोंडात शेण घातलं तरी चालेल, असं वाटलं. तरी तो खाली पोचल्याचा फोन आला तेव्हा तात्यांना चहाला पाठवलं ते मीच. "तात्या, सकाळधरनं काय खाल्लं न्हाई तुमी, जावा, मिसळ बी खाऊन या," असं म्हणाले. सवयच लागली होती.

तो तसाच कामावरून उठून आला होता. शर्टाला ठिणग्यांची भोकं, हात काळे, डोळे लाल, आणि तोंडाला नाकापर्यंत रुमाल बांधलेला. खाटेजवळ येऊन त्याने रुमाल खाली ओढला.

"आबा."

मामांनी डोळे उघडले. मी त्यांचा हात धरून ठेवला, धक्का बसेल म्हणून. त्यांना कसलाही धक्का बसला नाही. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बारीक झालायस," ते म्हणाले. "जेवतोस का न्हाई येळंवर?"

वीरधवल खाली बसला आणि त्याने मामांच्या अंथरुणात तोंड खुपसलं. "आबा, मी लय मोठं खोटं बोललो. मी गेलोच न्हाई. अजून काय बी कळलं न्हाई तिकडनं. मी आत्ता तात्यांस्नी सांगतो. समद्यांस्नी सांगतो."

"केरबा कुठाय?" मामांनी मला विचारलं.

"चहाला गेल्यात."

"मग जा बाबा तू. तो यील एवढ्यात."

"आबा, मी न्हाई जानार. तुमचं आप्रेशन हाय."

"ऐक माझं." मामांना बोलताना धाप लागत होती. "तू तपासनीला चाललायस ह्ये मला ठावं हुतं. हर्षदानं सांगितलं हुतं की मला. तरी म्या केरबाला बोललो न्हाई. फेटा बांधताना बी बोललो न्हाई. लय ग्वाड वाटलं रं मला ते." त्यांनी डोळे मिटून घेतले. "आता आत गेलो आन परत न्हाई आलो, तर केरबाच्या मनात काय ऱ्हाईल? आकाराम मला बी फसवून गेला. ह्ये आप्रेशन हूं दे. वाचलो तर मीच सांगतो त्याला. तू जा. म्हागल्या जिन्यानं जा."

मला वाटत होतं की लाज फक्त आम्हा दोघांची आहे. आम्ही त्या भोळ्या माणसाला फसवतोय, असं समजून मी इतके महिने रडत होते. मामा बिचारे आमच्यापेक्षा जास्त दिवस ती लाज एकटेच वागवत होते. वीरधवल माझ्याकडे बघत राहिला. ते ऑपरेशनला आत जाणार होते, त्यांचा शब्द मोडायचा कसा? तो उठला, रुमाल वर ओढला, मामांच्या पायाला हात लावला आणि मागच्या जिन्याकडे गेला.

तात्या आले. थोड्या वेळाने वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. ऑपरेशनची खोली खालच्या मजल्यावर, आणि लिफ्टपाशी गेलो तर लिफ्ट बंद पडलेली. दुरुस्तीचा माणूस यायला वेळ लागणार होता. "जिन्यानं उचलून घेऊ," मोठा वॉर्डबॉय म्हणाला, "मागचा जिना रुंद आहे. पण आम्ही तिघंच आहोत. चौथा बघा कुणीतरी." तात्या पुढे सरसावले. त्यांचं वय बघून त्याने त्यांच्या हातात सलाइनची बाटली दिली आणि उंच धरायला सांगितलं.

मागच्या जिन्याचं दार त्याने ढकललं. पहिल्याच पायरीवर वीरधवल बसलेला होता. तो गेलाच नव्हता. डोकं गुडघ्यांत घातलेलं, तोंडाला रुमाल.

"ओ भाऊ, जरा हात लावा की," वॉर्डबॉय म्हणाला.

वीरधवल उठला. तात्यांनी एका डोळ्याने त्याच्याकडे बघितलं, पण त्यांचं सगळं लक्ष हातातल्या बाटलीवर होतं. वीरधवलने डोक्याकडची एक बाजू धरली. चौघांनी स्ट्रेचर उचललं आणि एकेक पायरी उतरायला लागले. तो अशा बेताने उतरत होता की मामांना हिसका बसू नये. मामा त्याच्याकडे बघत नव्हते, वर छताकडे बघत होते. मात्र त्यांचा हात हळूच सरकला आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"कुठलं म्हनायचं पाव्हनं?" तात्यांनी विचारलं.

वीरधवल बोलला असता तर आवाजावरून कळलं असतं. तो मान खाली घालून पुढची पायरी उतरला. तात्यांनी परत विचारलं.

"कुपवाडचे हायत," मी म्हटलं.

तात्यांशी इतक्या महिन्यांत नवऱ्याबद्दल मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असेल, आणि ते बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"देवमानूस हाय बघ, आकारामा," तात्या म्हणाले. "पोटचं पोरगं तिकडं सातासमुद्रापार, आन वळख ना पाळख, ह्यो मानूस हात लावतोय."

खाली उतरलो. मामांना चाकांच्या खाटेवर ठेवलं. आतून हिरव्या कपड्यातली सिस्टर आली आणि दार उघडून उभी राहिली. वॉर्डबॉय ढकलायला लागले, पण खाट पुढे जाईना, कारण मामांनी मनगट सोडलं नव्हतं. वीरधवल दोन पावलं खाटेबरोबर चालला. रुमालाच्या वर त्याचे डोळे नुसते वाहत होते.

"नातेवाइकांनी बाहेर थांबा," सिस्टर म्हणाली.

"नातेवाईक न्हाईत ते," तात्या म्हणाले. त्यांनी बाटली सिस्टरकडे दिली आणि मामांच्या हातावर आपला हात ठेवला. "आकारामा, सोड की पाव्हन्याचा हात. त्यास्नी कामाव जायाचं असंल."

मामांनी तात्यांकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील. मग त्यांनी वीरधवलकडे बघितलं आणि एकेक बोट उचलत मनगट सोडलं.

"या पाव्हनं," ते म्हणाले, आणि त्यांना आत नेलं.